चीक, फडकं आणि फायबरग्लास

२०२२च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एडिसनला ताईकडे गेले होते. न्यूयॉर्कसाठी एकच दिवस मोकळा मिळाला, तो मी गुगनहाइम म्युझियमला दिला. ताई म्हणाली, "अमेरिकेत येऊन रबर बघायला चाललीस? ते तर आपल्या घरामागे आहे."

खरंय. आमचं घर दोडामार्ग तालुक्यात, आणि मागे रबराची झाडं. पहाटे सालीला खाच मारायची, वाटीत टपकलेला चीक गोळा करायचा, आम्ल घालून थिजवायचा, लाटून शीट दोरीवर वाळत घालायची. त्या आंबूस वासात माझं बालपण गेलं. म्हणूनच रबराच्या चिकातून शिल्पं करणाऱ्या एव्हा हेसेबद्दल वाचल्यापासून तिचं काम बघायचं डोक्यात होतं.

पेन स्टेशनला उतरून सबवे बदलत ८६व्या स्ट्रीटला पोचले. म्युझियमच्या त्या गोल गोल चढत जाणाऱ्या इमारतीवर सगळेच लिहितात, मी नाही लिहीत. ज्यासाठी आले होते ते तिचं शिल्प, 'एक्स्पान्डेड एक्स्पान्शन', भिंतीला टेकून उभं होतं. फायबरग्लासचे १६ खांब, तीन, पाच आणि आठच्या गटांत. उंची दहा फुटांवर. खांबांच्या मधे १३ पडदे: चक्का बांधायला घेतो तसलं विरविरीत कापड, त्यावर रबराच्या चिकाचे थरावर थर. मिनिमलिस्टांच्या, म्हणजे साधे भौमितिक आकार पुन्हा पुन्हा मांडणाऱ्या शिल्पकारांच्या, त्या कडक, सरळ लोखंडी पेट्यांनंतर हे असं लोंबणारं, सुरकुतलेलं काहीतरी. तेच तेच पुन्हा मांडणं तिने ठेवलं, ताठा काढून टाकला.

१९६९ साली नवं होतं तेव्हा चीक फिका, पिवळसर असणार आणि पडदे मऊ. हे काम ताणावं तसं पसरावं, ढकलावं तसं मिटावं, अशी कल्पना. आता रंग थेट आमच्या धुरी दिलेल्या शीटचा, जुन्या गुळासारखा. चीक कडक झालाय. याला मिटवायला जाल तर मोडेल. दुरुस्ती करून ३५ वर्षांनी पहिल्यांदा ते लोकांसमोर ठेवलं होतं.

हेसे हँबर्गच्या ज्यू कुटुंबातली. जन्म १९३६चा. लहानपणीच नाझींपासून जीव वाचवून न्यूयॉर्कला आली. १९६९ साली मेंदूत ट्यूमर निघाला आणि २९ मे १९७० रोजी, ३४व्या वर्षी ती गेली. चीक टिकत नाही हे तिला माहीत होतं. विकत घेणाऱ्यांना पत्र लिहून तसं सांगावंसं वाटतं, असं ती १९७०च्या मुलाखतीत म्हणाली होती. ते वाचून मला तिचं कौतुक वाटलं होतं. समोर उभी राहिल्यावर मात्र थोडा रागच आला. माहीत होतं, मग दुसरं काही का नाही घेतलंस, बाई? पण दुसरं घेतलं असतं तर पडद्यांच्या कडा अशा कातडीसारख्या वळल्या नसत्या. एका कडेला कापडाचे धागे उघडे पडले होते. तिथून मला हलवेना.

खाली येऊन बाबांना फोटो पाठवला. लगेच फोन आला. "उन्हात ठेवलेला दिसता," बाबा म्हणाले. "वास येता काय गो?"

पुन्हा वर गेले. जितकं जवळ जाऊ देतात तितकं जाऊन हुंगलं. गार्ड माझ्याकडे बघत राहिला. काहीच वास नव्हता.