आमची वाटचाल: लोकरीच्या दुकानात उन्हाळी सूत

ठाण्यात लोकरीचं दुकान चालवायचं म्हणजे वर्षातले चार महिने धंदा आणि उरलेले महिने फळ्या पुसणं. सासूबाईंनी नौपाड्यात गाळा घेतला तेव्हा गिऱ्हाईक ठरलेलं होतं. मुलीला सातवा लागला की तिची आई बाळंतविड्यासाठी बेबी वूल न्यायला यायची. दिवाळीनंतर कुणी हिमाचलला निघालं की टोप्या-मफलरची लोकर जायची. खरं तर ठाण्याचं आणि लोकरीचं नातं जुनं. पोखरण रोडची रेमंडची गिरणी 1925 सालची. पण गावात थंडीच नाही, तर स्वेटरची हौस बाळापुरतीच राहणार.

मी गल्ल्यावर बसायला लागले तेव्हा फेब्रुवारी उजाडला की दुकान ओस पडायचं. त्याच सुमारास कॉलेजच्या मुली फोनवर फोटो घेऊन यायला लागल्या. बिनबाह्यांचे, जाळीच्या विणीचे टॉप. ‘काकू, असं विणायचंय, लोकर द्या.’ लोकर म्हणजे आमच्याकडे लुधियानाचं ॲक्रिलिक, कृत्रिम धागा. ह्यांचं म्हणणं सरळ होतं, मागतायत ते द्यावं. सासूबाईंनी मात्र ठाम नकार दिला. ‘मे महिन्यात लोकलमध्ये उभी राहिली ना, तर घाम आत आणि टॉप बाहेर. पुन्हा आपल्या दुकानात यायची नाही ती.’

आणि ते शास्त्रालाही धरून आहे. सूतधंद्यात कापसाचा प्रमाणित ओलावा, म्हणजे कोरडा धागा स्वतःच्या वजनाच्या किती टक्के पाणी हवेतून धरतो तो आकडा, साडेआठ टक्के धरतात, ॲक्रिलिकचा जेमतेम दोनच्या आसपास. ॲक्रिलिक घाम पितच नाही. आपल्या दमट हवेत तर ते अंगाला चिकटूनच बसतं. तेव्हा सुती माल आणायचं ठरलं.

सुती माल कोइम्बतूरकडून येतो, पण हातविणकामाच्या गुंड्यांत नाही, कोनवर आणि किलोच्या भावात. एका रंगाचा अख्खा लॉट उचलावा लागतो. म्हणून सुरुवात पांढऱ्या, मोतिया आणि निळ्या अशा तीनच रंगांवर केली आणि लडी करायचं छोटं यंत्र मागच्या खोलीत बसवलं. ‘कोंब्ड’ म्हणजे विंचरलेलं सूतच घ्यायचं हा नियम तेव्हापासूनचा. त्यात आखूड तंतू विंचरून काढलेले असतात, त्यामुळे दोन धुण्यांत कापडावर गोळे येत नाहीत. दुसरा नियम पिळाचा. एकपदरी सूत स्वस्त मिळतं, पण पीळ एकाच दिशेचा असल्याने साधी विण तिरपी जाते आणि टॉपची बाजूची शिवण हळूहळू पोटाकडे सरकते. पदर उलट पिळात घातले की ते थांबतं. आम्ही चौपदरीच ठेवतो.

आता मुख्य गोष्ट, जी मी काउंटरवर रोज सांगते. गिऱ्हाईक लडी उचलतं, गालाला लावतं आणि ‘हीच द्या, किती मऊ आहे’ म्हणतं. बाळाच्या टोपीला हे चालतं. उन्हाळी टॉपला आधी वजन बघायचं. लोकर ताणली तरी परत जागेवर येते, सुताला ती सवय नाही. सुती टॉप स्वतःच्या भाराने खांद्यापासून खाली ओढला जातो. दहा नंबरचं (हा सुताच्या जाडीचा नंबर, सुईचा नव्हे) चौपदरी सूत 100 ग्रॅममध्ये साधारण 420 मीटर भरतं. मध्यम मापाच्या आखूड बाह्यांच्या टॉपला हजारेक मीटर लागतं असं धरलं तर टॉप 240 ग्रॅमच्या आसपास जातो. तोच जाड सुतात लवकर उरकतो खरा, पण 400 ग्रॅमच्या पुढे जातो आणि संध्याकाळपर्यंत गळा दोन बोटं खाली उतरलेला असतो. बारीक सुताला विणायला वेळ लागतो म्हणून कुरकुरणाऱ्या पुष्कळ आहेत, पण ह्या बाबतीत मी माघार घेत नाही. बॉर्डर मात्र नेहमीपेक्षा एक नंबर बारीक सुईवर विणायला सांगते, नाहीतर कंबरेला झालर होते.

नमुना बहुधा परदेशी असतो आणि तिथे सुईचा घोळ होतो. आपल्याकडच्या सुयांवर जुने इंग्रजी नंबर असतात. आपली दहा नंबरची सुई 3.25 मिलिमीटर, अमेरिकन नमुन्यातली दहा नंबरची तब्बल 6 मिलिमीटर. शिवाय आपला नंबर वाढला की सुई बारीक होते, त्यांचा वाढला की जाड. नंबर विसरा, मिलिमीटर बघा आणि 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके मागितलेत ते बघा, एवढंच मी सांगते.

सूत रुळल्यावर बायका वेगळं काही मागू लागल्या. मर्सराइज्ड सूत आणलं. कॉस्टिक सोड्यातून ताणून काढलेलं असल्यामुळे त्याला चकाकी असते आणि रंग गडद बसतो. लग्नाकार्यात घालायच्या टॉपसाठी ते उत्तम, पण स्टीलच्या सुईवरून सटकतं. नवशिकीला मी सोबत बांबूच्या सुया देते. बांबूच्या सुताला मात्र मी हात राखूनच देते. ते असतं व्हिस्कोसच, म्हणजे लगद्यापासून रसायनांनी बनवलेला धागा. पडतं सुंदर, लागतं गार, पण ओलं झालं की त्याची ताकद कमी होते आणि नुसत्या बांबूत विणलेला टॉप लांबत जातो. कापसात थोडं मिसळलेलं असेल तर चालेल.

माझं आवडतं म्हणाल तर लिनन. जवसाच्या झाडाच्या देठातला धागा हा. आपण दाण्यांची चटणी करतो तेच झाड, फक्त धाग्यासाठी वेगळी, उंच जात लावतात. धागा बहुतेक फ्रान्स-बेल्जियमकडून येतो म्हणून महाग पडतो. विणताना सुतळीसारखा टोचतो आणि बोटं दुखतात. निम्म्या बायका टॉपची पाठ विणून होईपर्यंत मला शिव्या देत असतील. पण धुण्यागणिक मऊ होतो, ओला झाल्यावर उलट मजबूत होतो आणि पावसाळ्यातही सुतापेक्षा लवकर वाळतो. घोडबंदरच्या एक निवृत्त बाई दर उन्हाळ्याला लिननचाच एक टॉप विणतात. जुने टॉप त्यांच्या सुना मागून नेतात म्हणे.

पावसाळ्याने आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. जुलैत तोललेली लडी आणि एप्रिलात तोललेली लडी काट्यावर सारखी दिसली तरी आतला धागा सारखा नसतो, कारण कापूस हवेतला ओलावा धरतो. आता आमच्या प्रत्येक चिठ्ठीवर ग्रॅमच्या आधी मीटर लिहिलेले असतात, खाली पदर आणि लॉट नंबर. लॉट वेगळा निघाला तर रंगात फरक पडून पाठीवर आडवा पट्टा दिसतो, म्हणून एका टॉपचं सगळं सूत एकदम काढून द्यायचं. गडद लाल आणि काळ्याचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालावर चोळून दाखवतो. रंग सुटला तर ती लडी परत फळीवर जात नाही.

आज उन्हाळ्यातली निम्मी विक्री सुताची आहे. ऐरोली-वाशीहून बायका फोन करून माल मागवतात आणि साधं सूत आम्ही घरपोच पाठवतोही. मर्सराइज्ड किंवा लिनन मात्र एकदम पूर्ण देत नाही. आधी एक लडी न्यायची, हाताच्या पंजापेक्षा मोठा चौकोन विणायचा, धुवायचा आणि खालच्या काठाला कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर दोरीवर टांगायचा. सकाळी मोजून तो किती लांबला ते कळवायचं. त्याच प्रमाणात मी त्यांच्या मापातली लांबी कमी करून देते. तोवर त्याच लॉटचं उरलेलं सूत त्यांच्या नावाची चिठ्ठी लावून आठवडाभर बाजूला ठेवलेलं असतं.