हाय पावरची गोळी

आमच्या लॅबला बेळगाव शहरापेक्षा बाहेरचीच सॅम्पलं जास्त येतात, खानापूर, हुक्केरी, निपाणी, अगदी चंदगडकडचे लोकपण इकडंच येतात, आणि उन्हाळ्यात गावोगावच्या लक्ष्मीच्या जत्रा सुरू झाल्या की मागोमाग तापाचे पेशंट आलेच. निम्म्यांच्या हातात विडाल (टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची टेस्ट) पॉझिटिव्हचा कागद आधीच असतो. मला त्या कागदाचं काही कौतुक नाही. टायफॉइड पूर्वी होऊन गेलेला असला किंवा ताप भलताच असला तरी विडाल वर येऊ शकते, आणि कुठलं औषध चालेल हे तर ती सांगतच नाही.

हा पोरगा खानापूर तालुक्यातला, उद्यमबागला फाउंड्रीत कामाला. ताप येऊन आठ-नऊ दिवस झालेले, जत्रा होऊन तीन आठवडे. टायफॉइडचं हेच अवघड आहे बघा, जंतू पोटात गेल्यावर ताप चढायला एक ते तीन आठवडे जातात, तोवर कुठलं पाणी प्यालो, कुठल्या गाडीवर बर्फाचं सरबत घेतलं हे कुणाच्या ध्यानात राहतंय. आईनं सगळ्या संपलेल्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणलेल्या (हे मात्र झकास केलं, असे पेशंट फार कमी). आधी जुलाबावर ऑफ्लोक्सॅसिन-ऑर्निडाझोल, मग सिप्रो ५००. चिठ्ठी कुणाचीच नाही. "मेडिकलवाल्याला म्हटलं हाय पावरची दे, पैशाचं बघू नको, तरी ताप काय उतरंना." आता ऑफ्लोक्सॅसिन काय नि सिप्रो काय, दोन्ही एकाच ग्रुपची, म्हणजे पहिली चालली नाही म्हणून दुसरी दिली ती पण त्याच जातीची.

डॉक्टरांनी ॲडमिट करून घेतलं आणि सेफ्ट्रायाक्सोनचं इंजेक्शन चालू करायच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून बघायची टेस्ट) काढलं. एका बाटलीला आठ-दहा एमएल रक्त लागतं, पोराची आई, म्हणजे मावशी, घाबरल्याच, "एवढं रगत काढताय होय!" पण टायफॉइडमध्ये रक्तात जंतू असतातच थोडे, कमी रक्त घेतलं तर हाती काही लागत नाही. आणि अँटिबायोटिक पोटात असताना कल्चर बहुतेक कोरंच निघतं म्हणून मला फार आशा नव्हती, तर दुसऱ्या दिवशीच मशीननं बाटली पॉझिटिव्ह दाखवली. गोळ्या चालू असूनसुद्धा एवढ्या झटक्यात वाढला, तेव्हाच म्हटलं सिप्रोचं काही खरं नाही. मॅकॉन्की ह्या जंतू वाढवायच्या प्लेटवर बिनरंगाच्या कॉलनी आल्या, टीएसआय ह्या जंतू ओळखायच्या ट्यूबमध्ये वर लाल खाली पिवळं आणि मधे मिसरूड फुटल्यासारखी बारीक काळी रेघ. टायफी, म्हणजे टायफॉइडचाच साल्मोनेला जंतू. अँटिसीरमनं (ठराविक जंतूलाच चिकटणारं टेस्टचं द्रव्य) खात्री करून घेतली.

आणि मग ती सेन्सिटिव्हिटीची प्लेट, म्हणजे जंतू पसरून वर औषधांच्या डिस्क ठेवायच्या, औषध चाललं तर डिस्कभोवती मोकळा गोल, म्हणजे झोन, पडतो. सिप्रोच्या डिस्कला अगदी चिकटून वाढ! साल्मोनेलाला सिप्रोचा झोन ३१ एमएम किंवा वर असला तरच सेन्सिटिव्ह (औषध चालतं) म्हणायचं, २० किंवा खाली आला की रेझिस्टंट (औषध चालत नाही), इथं झोनच नव्हता. त्यात आता नवल काही राहिलं नाही, आपल्याकडच्या टायफॉइडमध्ये हे नेहमीचंच झालंय. सेफ्ट्रायाक्सोन आणि अझिथ्रो सेन्सिटिव्ह, हुश्श. पण त्याच प्लेटवर ॲम्पिसिलिन, कोट्रायमॉक्साझोल आणि क्लोरॅमफेनिकॉलचे झोन असे ऐसपैस, की लॅबमधला नवीन मुलगा म्हणाला डिस्क चुकून बदलल्या असतील. चुकल्या नव्हत्या, कंट्रोलची, म्हणजे माहितीच्या जंतूवर लावलेली प्लेट बरोबर होती.

लॅबच्या मॅडमनी त्या नवीन मुलाला बसवून सांगितलं. १९४८ पासून टायफॉइडवर क्लोरॅमच दिलं जायचं, १९७२ साली कालिकतला त्यालाच न जुमानणारा टायफॉइड निघाला, पुढं नव्वदच्या आसपास ही तिन्ही जुनी औषधं एकदम निकामी व्हायला लागली आणि सगळे सिप्रोकडं वळले. जुन्या औषधांचा रेझिस्टन्स असायचा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएची वेगळी छोटी रिंग, औषधाचा वापर सुटला तसे ती न बाळगणारेच जंतू जास्त दिसायला लागले. सिप्रोचा रेझिस्टन्स मात्र जंतूच्या मूळ डीएनएतच बदल होऊन आलाय, तो असा सहज गळून पडत नाही. त्यात पाकिस्तानात सिंध प्रांतात २०१६ पासून सेफ्ट्रायाक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरलाय, म्हणून सेफ्ट्रायाक्सोनची डिस्क बघताना मॅडम दोनदा स्केल लावतात.

नवीन मुलगा म्हणाला हे ब्रॉयलर कोंबडीला औषधं घालतात त्यानं होतंय. कोंबडीतल्या दुसऱ्या साल्मोनेलांबद्दल ते खरं आहे, जनावरांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला आपल्या देशात २०१९ ला बंदी घातली ती उगीच नाही. पण टायफी माणसातच राहतो, कोंबडीत नाही. ह्याला रेझिस्टंट केलाय तो माणसांनी खाल्लेल्या गोळ्यांनी.

तेवढ्यात मावशी काउंटरवर. "दादा, इंजेक्शनला तिसरा दिस लागला, ताप हायच की, दुसरं भारी द्या म्हणून डॉक्टरला सांगा की." टायफॉइडचा ताप लागू पडणारं औषध असलं तरी चार-सहा दिवस घेतो हे सांगितलं, प्लेट पण दाखवली. बघून त्यांनी सिप्रोच्या डिस्ककडं बोट केलं, "हीच ती होय? आणि ह्या मोठ्या गोलाची किती रुपयाला?" जुनी आहे, स्वस्त असायची म्हटल्यावर त्यांचा विश्वास काही बसला नाही.

संध्याकाळी खानापूरच्या त्यांच्या वयस्कर फॅमिली डॉक्टरांचा फोन, रिपोर्ट ऐकून एकदम खूश, "अहो क्लोरॅमवर आम्ही गावंच्या गावं बरी केलीत!" मॅडमनी शांतपणे सांगितलं की क्वचित का होईना बोन मॅरो (हाडातला रक्त तयार करणारा भाग) बंद पाडतं ते, सेफ्ट्रायाक्सोन चालतंय तोवर तेच राहू दे. मला मात्र राहवलं नाही, घरी जाताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये विचारलं, क्लोरॅमच्या कॅप्सुल मिळतील काय. "हैत की," म्हणाला, आणि छोटी बाटली काढून ठेवली. "पण ह्या गिळायच्या न्हवं, फोडून डोळ्यात घालायच्या."