नळीच्या तोंडावरची काजळी

विंचेस्टरच्या १८९४ सालच्या नमुन्याची, थर्टी-थर्टी काडतुसाची एक लिव्हर ॲक्शन कार्बाइन, म्हणजे चापाजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची आखूड रायफल, बंदूक दुरुस्तीच्या माझ्या टेबलावर आली, तेव्हा तिच्यातला दोष काय आणि त्यावर उपाय काय हे मालकांनी आधीच ठरवले होते. "नळी संपली आहे, नवी बसवून द्या," एवढेच त्यांचे म्हणणे होते. परवान्याची कागदपत्रे तपासून झाल्यावर मी त्यांना विचारले की नळी संपली हे कशावरून ठरवले. त्यांनी पिशवीतून लक्ष्याचे कागद काढले. १०० मीटरवरून झाडलेल्या पहिल्या तीन गोळ्या एकमेकींच्या बऱ्यापैकी जवळ होत्या, आणि पुढची प्रत्येक गोळी आधीच्या गोळीच्या थोडी खाली उतरत गेली होती.

त्यांना ही रायफल लोखंडी छायाकृतींच्या नेमबाजीसाठी हवी होती. मेक्सिकोत सुरू झालेल्या या खेळाच्या लिव्हर ॲक्शन प्रकारात उभ्याने नेम धरून ५० मीटरवरची कोंबडी, १०० मीटरवरचे डुक्कर, १५० मीटरवरचा टर्की आणि २०० मीटरवरचा मेंढा पाडायचा असतो, आणि दुर्बीण लावण्याची मुभा नसते. तशीही ती या जुन्या रचनेला सोयीची नाही, कारण रिकामे काडतूस वरच्या बाजूने बाहेर फेकले जाते आणि ॲक्शनच्या, म्हणजे काडतूस भरणाऱ्या यंत्रणेच्या, बरोबर वर बसवलेली दुर्बीण त्याच्या वाटेत येते. म्हणून मी मूळची मागची साइट, म्हणजे नेम धरायची खाच, काढून ॲक्शनवर बारीक छिद्राची पीप साइट बसवली. मागची साइट, नळीच्या टोकावरची माशी (पुढची साइट) आणि लक्ष्य अशी तीन अंतरे एकाच वेळी स्पष्ट दिसणे वय झालेल्या डोळ्यांना जमत नाही. पीपच्या छिद्रातून पाहताना डोळा आपोआप मध्य शोधतो आणि लक्ष फक्त माशीवर ठेवावे लागते. शिवाय दोन साइटमधले अंतर सुमारे ४० सेंटिमीटरवरून ५८ पर्यंत वाढले. तरीसुद्धा १०० मीटरवर गोळी लागण्याच्या जागेत १७ सेंटिमीटरचा फरक म्हणजे साइटवर जेमतेम १ मिलिमीटर. माशीवर कानस फिरवताना हात का थांबवावा लागतो, ते या हिशेबावरून कळेल.

चाप हलका करून देण्याची त्यांची विनंती मी मान्य केली नाही. या रचनेत घोड्याची अर्धी खाच, म्हणजे घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवणारी खाच, हा सुरक्षेचा भाग आहे, आणि त्या कडांवर दगड फिरवून मिळवलेला हलकेपणा मला कधीच पटलेला नाही. वाळून घट्ट झालेले जुने ग्रीस धुऊन काढल्यावर चाप पुष्कळ मऊ झाला आणि तो विषय तिथेच संपला. टोकदार गोळ्या वापराव्यात का, या प्रश्नाचे उत्तर त्याहून सोपे होते. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक आडवी असतात आणि मागच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर, म्हणजे ठोका बसताच दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीवर, टेकलेले असते, म्हणून तिथे धातूच्या टोकदार गोळीला जागाच नाही.

गोळ्या खाली का उतरतात याचे कारण मात्र मला पहिल्या दिवशीच सापडले, निदान मला तसे वाटले. कार्बाइनच्या पुढच्या पट्ट्याने नळी आणि तिच्याखालची मॅगझिन नळी एकत्र जखडलेली असते. ५०८ मिलिमीटरची पोलादी नळी ४० अंशांनी तापली तर ती सुमारे पाव मिलिमीटर लांबते. खालची मॅगझिन नळी तितकी तापत नाही, त्यामुळे ती वरच्या नळीला तोंडाशी खाली ओढते. त्यात पुढचे लाकूड ॲक्शन आणि मधला पट्टा यांच्यामध्ये इतके घट्ट अडकले होते की मध्ये कागदही सरकत नव्हता. मी लाकडाच्या टोकाचा अर्धा मिलिमीटर काढला, पट्ट्यांची आतली बाजू पॉलिश पेपरने मोकळी केली आणि मॅगझिन नळीला तापून सरकण्याइतकी जागा ठेवली. ही जागा जास्त झाली तर धक्क्याने मॅगझिन नळी पुढे उसळते, त्यामुळे हे काम पुन्हा पुन्हा जोडून आणि सोडवून पाहावे लागते. माझी एक पूर्ण दुपार त्यात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांना घेऊन मी रेंजवर गेलो. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून मी सावकाश दहा गोळ्या झाडल्या. खाली उतरण्याची तक्रार पूर्ण गेली होती, आणि मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. पण कागद आणून पाहिला तर दहाही गोळ्या ११ सेंटिमीटरच्या वर्तुळात सगळीकडे पसरलेल्या. "म्हणजे नळीच, नाही का?" असे त्यांनी शांतपणे विचारले. त्यांच्या आवाजात विजयाचा सूर नव्हता, आणि त्यामुळेच मला ते अधिक लागले.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून मी ती उन्हात धरली, आणि नळीच्या तोंडावर गोळीबाराच्या काजळीची जी चांदणी उमटते तिच्याकडे नजर गेली. तिच्या पाकळ्या सगळीकडे सारख्या असायला हव्यात. इथे खालच्या डाव्या बाजूच्या पाकळ्या लांब आणि फिकट होत्या. हाच डाग मी आदल्या दिवशी दोनदा पुसला होता. पट्ट्यांच्या विचारात इतका गुंतलो होतो की पुसताना मी तो पाहिलाच नव्हता.

कारखान्यात येऊन कापसाची काडी तोंडाच्या आतल्या कडेवरून फिरवली, तर त्या एकाच बाजूला कापसाचे धागे अडकले. भिंगाखाली कड घासून उतरती झालेली स्पष्ट दिसली. गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी एका बाजूने वायू आधी सुटतो आणि तिला हलकासा धक्का बसतो. नळीतल्या खाचा मात्र पाहिल्या तेव्हा धारदार आणि स्वच्छ होत्या.

"तुम्ही ही साफ कशी करता?" मी विचारले.

ते जरा अभिमानाने म्हणाले, "प्रत्येक वेळी, घरी गेल्यागेल्या, पुढून गज घालून."

या रायफलची ॲक्शन मागून बंद असते, त्यामुळे पुष्कळ सुटे भाग काढल्याखेरीज मागून गज घालता येत नाही आणि बहुतेक सगळे पुढूनच साफ करतात. त्यांनी वर्षानुवर्षे न चुकता घेतलेली काळजीच त्या कडेवर झिजून उमटली होती. हे त्यांना कसे सांगावे, याचा विचार करण्यात मी काम सुरू करण्याआधीचा बराच वेळ घालवला.

काम मात्र दीड तासाचे होते. नळीच्या छिद्रात बरोबर बसणारा मार्गदर्शक असलेल्या हातकटरने तोंड नव्याने कापले, आणि गोल डोक्याचा पितळी स्क्रू घासण्याच्या पेस्टसह हातड्रिलवर सावकाश, दिशा बदलत फिरवून कडेची बारीक लव काढली. नंतर कापूस फिरवला तेव्हा एकही धागा अडकला नाही.

तिसऱ्या दिवशीच्या दहा गोळ्या साडेपाच सेंटिमीटरच्या वर्तुळात बसल्या, आणि काजळीची चांदणी चारही बाजूंनी सारखी उमटली. मी ती पुसण्याआधी त्यांना दाखवली. त्यांनी बराच वेळ रायफल हातात धरून ठेवली आणि मग विचारले, "म्हणजे आजपासून साफ करायची नाही?"

मी खिशातून पितळेचा एक छोटा मार्गदर्शक काढून त्यांच्या हातावर ठेवला. तो आदल्या संध्याकाळी लेथवर त्यांच्याच गजाच्या मापाने बनवला होता. तो नळीच्या तोंडात बसतो आणि गज मधोमध राहतो, कडेला लागत नाही. त्यांनी तो दोनदा घालून काढून पाहिला आणि म्हणाले, "हा जर हरवला तर?" दुसरा मी आधीच बनवून ठेवला होता.