हरलेल्या संघाच्या प्रश्नापासून सुरू झालेली आमची वाटचाल

ईस्पोर्ट्सच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या, स्पर्धा भरवणाऱ्या आयोजकांना स्पर्धेचा आराखडा, मानांकन, नियमपत्रक आणि पंच पुरवणे हा आमच्या छोट्या संस्थेचा व्यवसाय आहे. बक्षीस आयोजकाचे असते, प्रक्षेपण बहुधा तिसऱ्याच कोणाचे असते. कोणी कोणाशी, कोणत्या फेरीत आणि किती मॅप (एका नकाशावरचा एकेक डाव) खेळायचे, एवढेच आमच्या हाती असते. एवढ्यावर एखादी संस्था चालू शकेल असे सुरुवातीला आम्हा तिघा भागीदारांनाही वाटले नव्हते, कारण ड्रॉ काढणे हे अर्ध्या तासाचे काम आहे अशीच आमची समजूत होती. ती पहिल्याच स्पर्धेत खोटी ठरली.

त्या स्पर्धेत १६ संघ होते, पद्धत साध्या बाद फेरीची होती आणि ड्रॉ आम्ही चिठ्ठ्या टाकून काढला होता. चिठ्ठीला पक्षपात ठाऊक नसतो, म्हणून हाच सर्वांत न्याय्य मार्ग, असे आमचे म्हणणे होते. ज्या दोन संघांत अंतिम सामना होणार असे सगळेच धरून चालले होते, ते नेमके पहिल्या फेरीत समोरासमोर आले. हरलेल्या संघाच्या कर्णधाराने त्याच संध्याकाळी आम्हाला लेखी विचारले, "आम्ही एका संघापेक्षा कमी ठरलो, की पंधरा संघांपेक्षा?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. उपविजेत्या संघाने या संघाला हरवलेले नव्हते. तो ड्रॉच्या दुसऱ्या अर्ध्या भागात होता, एवढेच त्याचे भाग्य.

पुढे वाचनात आले की हा प्रश्न फार जुना आहे. लुईस कॅरॉल या नावाने जगाला माहीत असलेले गणितज्ञ चार्ल्स डॉजसन यांनी १८८३ मध्येच लॉन टेनिसच्या बाद फेरीवर हाच आक्षेप घेतला होता. चिठ्ठ्यांनी ड्रॉ काढलेल्या १६ संघांच्या स्पर्धेत वरचढ संघ प्रत्येक सामना जिंकतोच असे मानले, तरी खऱ्या दुसऱ्या क्रमांकाचा संघ अंतिम फेरीत पोहोचण्याची शक्यता १५ पैकी ८, म्हणजे नाणेफेकीपेक्षा जेमतेम जास्त असते. हे गणित कर्णधाराला कळवले तेव्हा त्याचे समाधान झाले नाही, आणि ते होण्याचे कारणही नव्हते.

दुसऱ्या स्पर्धेपासून आम्ही मानांकन देऊ लागलो. पहिला विरुद्ध सोळावा, आठवा विरुद्ध नववा, अशी मांडणी केली की बलाढ्य संघ उशिरा भेटतात. परंतु त्याबरोबर वाद संपला नाही, तो फक्त एक पायरी मागे सरकला. पहिला कोण आणि सोळावा कोण, हे कशावरून ठरवायचे? खेळातच दिसणारी वैयक्तिक श्रेणी आम्ही आधी वापरली आणि ती आमची ठळक चूक होती, कारण अनोळखी साथीदारांबरोबर एकट्याने खेळून मिळवलेली श्रेणी पाच जणांच्या मुरलेल्या संघाविषयी फार थोडे सांगते. त्यामुळे संघांच्या आपसांतील निकालांवर उभी असलेली स्वतःची क्रमवारी तयार करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आजही आमच्या कामाचा निम्मा वेळ तिच्यातच जातो.

आमच्या क्रमवारीचा पाया हंगेरियन वंशाचे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आर्पाद एलो यांची पद्धत हा आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती १९७० मध्ये स्वीकारली. दोघांच्या गुणांत २०० चा फरक असेल तर वरच्याकडून साधारण ७६ टक्के यशाची अपेक्षा असते, ४०० चा असेल तर ९१ टक्क्यांची; निकाल अपेक्षेहून जितका वेगळा, तितकी गुणांची देवाणघेवाण मोठी. रचना सुंदर आहे, मात्र ती बुद्धिबळासाठी घडलेली आहे. बुद्धिबळपटू यंदाही तोच असतो आणि पुढच्या वर्षीही तोच असतो. ईस्पोर्ट्समधला संघ मात्र दोन हंगामांच्या मध्ये निम्मा बदलतो, आणि एखाद्या पॅचमुळे, म्हणजे निर्मात्यांनी खेळात केलेल्या बदलामुळे, खेळाचा तोलच बदलला की कालचे कौशल्य आज तितकेसे उपयोगी पडत नाही. मग गुण कोणाचे, संघाच्या नावाचे की खेळाडूंचे? पाचांपैकी तीन खेळाडू टिकले तर गुण टिकतील, असा दंडक आम्ही घातला. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळाच्या मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या, स्पर्धांतही तिघांचा गाभा महत्त्वाचा मानला गेलेला आहे. हा दंडक सोयीचा आहे, तर्कशुद्ध नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ज्या दोन खेळाडूंच्या बळावर संघ वर आला तेच सोडून गेले, तर उरलेल्या तिघांना मिळालेले मानांकन उसनेच ठरते.

याहून अवघड दुखणे न खेळणाऱ्यांचे निघाले. पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या एका संघाने चार महिने आमच्या एकाही स्पर्धेत नाव नोंदवले नाही, कारण हरल्यावर गुण जातात आणि न खेळल्यास जात नाहीत, हे त्यांनी बरोबर हेरले होते. त्यांना दोष देता येत नव्हता, कारण आमचा नियमच त्यांना घरी बसायला सांगत होता. मार्क ग्लिकमन यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ग्लिको पद्धतीत यावर उपाय आहे : गुणांबरोबर त्या गुणांविषयीची अनिश्चितताही नोंदवली जाते, आणि संघ जितका काळ खेळत नाही तितकी ती वाढते. आम्ही क्रमवारी लावताना गुणांतून या अनिश्चिततेचा भाग वजा करू लागलो, तेव्हा तो संघ पहिल्यावरून सहाव्यावर गेला आणि पुढच्याच महिन्यात मैदानात उतरला.

एक अडचण मात्र कोणत्याही सूत्राने सुटत नाही. दोन विभागांतील संघ आपसांत कधी खेळलेच नाहीत, तर एका विभागाचे १८०० गुण आणि दुसऱ्या विभागाचे १८०० गुण यांची तुलना करणे निरर्थक असते, कारण प्रत्येक तळ्यातील पाण्याची पातळी वेगळी असते. दोन्ही विभाग एकत्र येतील अशा स्पर्धा वाढवणे हाच मार्ग, आणि तो गणिताचा नव्हे, खर्चाचा आहे.

क्रमवारी गुप्त ठेवावी की उघड करावी, यावर आम्हा भागीदारांत बराच काळ मतभेद होता. सूत्र उघड केले की संघ त्याच्या फटी शोधतात, असे एकाचे मत होते आणि ते खरेही होते. तरीही फट लपवण्यापेक्षा ती दिसणे बरे, या बाजूला मी होतो. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले की २०२५ पासून काउंटर-स्ट्राइकच्या मोठ्या स्पर्धांची निमंत्रणे क्रमवारीनुसार किंवा खुल्या पात्रता फेऱ्यांतून द्यावी लागतील. त्या क्रमवारीचे गणितही तिने सर्वांना तपासता येईल असे खुले ठेवले. त्यानंतर आमच्यातला वाद आपोआप मिटला.

दरम्यान स्पर्धेच्या पद्धतीही बदलत होत्या. दुहेरी बाद पद्धतीत पहिला पराभव माफ होतो, पण १६ संघांसाठी १५ ऐवजी ३० किंवा ३१ सामने लागतात. शेवटचा तो एक सामना होतो की नाही, यावरच सर्वांत जास्त भांडणे झाली. अप्पर ब्रॅकेटमधून (एकही सामना न हरलेल्यांच्या फळीतून) अपराजित आलेला संघ अंतिम सामना हरला, तर दोन्ही संघांच्या खात्यावर एकेकच पराभव असतो. लढतीच्या खेळांच्या इव्हो स्पर्धेत म्हणूनच दुसऱ्यांदा सामना खेळवतात. डोटा २ या खेळाच्या द इंटरनॅशनल स्पर्धेत मात्र एकाच अंतिम सामन्यात निकाल लागतो. अपराजित संघाला एक मॅप आधीच बहाल करण्याचा मधला मार्ग आम्ही दोनदा वापरून पाहिला आणि दोन्ही वेळा दोन्ही संघ नाराज झाले, जे साधणे खरे तर अवघड असते. फेरसामना हाच प्रामाणिक मार्ग आहे, असे माझे मत आहे. प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असते म्हणून आयोजकांना तो नको असतो, आणि अशा वेळी आम्ही दुहेरी बाद पद्धतच घेऊ नका असे सुचवतो.

पद्धतीपेक्षा सामन्याची लांबी अधिक महत्त्वाची असते, ही गोष्ट आमच्या फार उशिरा लक्षात आली. एखादा संघ प्रत्येक मॅप जिंकण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर एका मॅपच्या सामन्यात ती ६० टक्केच राहते, बेस्ट ऑफ थ्रीमध्ये (तीनपैकी दोन मॅप जिंकायच्या सामन्यात) सुमारे ६५ आणि बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये ६८ टक्के होते. वाढ किरकोळ दिसते, पण असे सलग चार सामने जिंकायचे असतील तर विजेतेपदाची शक्यता १३ टक्क्यांवरून १८ आणि पुढे २२ टक्क्यांवर जाते. हा तक्ता दाखवला की आयोजक गप्प होतात, कारण एवढे मॅप खेळूनही स्पष्टपणे सरस असलेला संघ पाचांपैकी जवळपास चार वेळा विजेता होत नाही, हे कोणालाच अपेक्षित नसते.

मधल्या फेऱ्यांसाठी आता आम्ही बहुतेक वेळा स्विस पद्धत सुचवतो. झ्युरिकमध्ये १८९५ साली बुद्धिबळासाठी वापरली गेलेली ही पद्धत काउंटर-स्ट्राइकच्या मेजर स्पर्धांत २०१७ पासून आणि लीग ऑफ लेजंड्सच्या जागतिक स्पर्धेत २०२३ पासून आली. समान विजय असलेले संघ एकमेकांशी खेळतात; तीन विजय मिळवणारा पुढे जातो, तीन पराभव झालेला बाहेर पडतो, आणि १६ संघांचा निवाडा ३३ सामन्यांत होतो. सर्वांनी सर्वांशी खेळायचे तर १२० सामने लागले असते. तक्रारी याही पद्धतीत येतात. पहिला सामना हरलेल्या संघाला पुढे सौम्य प्रतिस्पर्धी मिळतात, असे जिंकणारे म्हणतात. म्हणून बरोबरी सोडवताना प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीची बेरीज करणारी बुखहोल्झ पद्धत आम्ही लावतो. मात्र दुसऱ्यांच्या निकालांवर आपले स्थान ठरावे हे खेळाडूंच्या गळी उतरवणे सोपे नसते.

गटसाखळीबाबत आम्ही अधिक सावध झालो आहोत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनच्या महिला दुहेरीतील चार जोड्या अपात्र ठरल्या, कारण पुढच्या फेरीत सोयीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून त्यांनी मुद्दाम हरण्याचा प्रयत्न केला होता. आमच्या एका स्पर्धेत तसेच काहीसे घडल्याचा दाट संशय होता. आम्ही नियमपत्रक उघडले तेव्हा गटात दुसरे येणे फायद्याचे व्हावे अशी सोय आम्हीच करून ठेवल्याचे दिसले. संघाला ताकीद देण्याऐवजी आम्ही नियम बदलला. गटविजेत्याने बाद फेरीतील आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा, आणि गटाचे शेवटचे सामने एकाच वेळी खेळवायचे.

बॅटल रॉयल, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारा जिंकतो अशा, प्रकारात आमचा अनुभव कमी आहे. १६ संघ एकाच नकाशावर उतरतात आणि सुरक्षित वर्तुळ कुठे सरकेल हे नशिबावर असते, म्हणून अनेक फेऱ्यांची बेरीज घेणे एवढाच खरा इलाज. एपेक्स लेजंड्सच्या जागतिक मालिकेत ५० गुणांनंतर एक फेरी जिंकणारा विजेता ठरतो. प्रेक्षकांच्या दृष्टीने ही युक्ती अप्रतिम आहे, परंतु सर्वाधिक गुण मिळवणारा संघ दुसरा येऊ शकतो, हे आम्ही आयोजकांना आधीच लिहून देतो.

तसे लिहून देणे आता आमच्या प्रत्येक नियमपत्रकाचा भाग झाले आहे. या पद्धतीत कोणत्या संघावर अन्याय होण्याची शक्यता सर्वाधिक आहे, याचा एक परिच्छेद पहिल्या सामन्यापूर्वी सर्व कर्णधारांना दिला जातो. तो वगळावा असा आग्रह धरणाऱ्या एका आयोजकाचे काम आम्ही सोडले. लोकप्रिय संघाला वरचे मानांकन द्या म्हणणाऱ्या दुसऱ्याचेही.

सध्या आमच्यापुढे तिहेरी बरोबरीचा प्रश्न आहे. पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला हरवले, तर आम्ही आतापर्यंत जिंकलेल्या आणि हरलेल्या राउंडांतील (एका मॅपमधल्या छोट्या फेऱ्यांतील) फरक पाहत आलो. पण त्यामुळे दुबळ्या संघाची धुलाई करणाऱ्याला बक्षीस मिळते, हे मागच्या हंगामात दोनदा दिसले. येत्या हंगामापासून अशा तिघांना एकेका मॅपची छोटी साखळी पुन्हा खेळवायची असे ठरले आहे आणि गटाच्या शेवटच्या दिवशी त्यासाठी तीन तास राखून ठेवले आहेत. तीही साखळी वर्तुळात अडकली तर काय करायचे, यावर पुढच्या बैठकीत बोलायचे आहे.