लस घेतली का, हे विचारताना

मी व्यायामाचा वर्ग चालवते. बंद हॉल, एका वेळी पंचवीस-तीस माणसं आणि सगळ्यांना धाप लागलेली. कोविडमुळे बंद पडलेला वर्ग 2021 मध्ये पुन्हा सुरू करायचं ठरलं, तेव्हा पहिला फोन आला एका जुन्या सभासदाच्या पत्नीचा. त्या सभासदांची केमोथेरपी नुकतीच संपली होती. "ताई, ह्यांना यायचंय. पण शेजारी उभ्या राहणाऱ्याने लस घेतलीय का, हे तुम्ही बघणार ना?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. कसं बघायचं, याचा विचार तोवर केलेलाच नव्हता.

आधी प्रश्न आला अधिकाराचा. विचारणार म्हटल्यावर दोन दिवसांत चार जणांनी मला तोच मेसेज पाठवला: आरोग्याची माहिती विचारणं बेकायदा आहे, 'हिपा' कायदा वाचा. वाचला. तो अमेरिकेचा 1996 चा कायदा आहे. त्याने डॉक्टर, रुग्णालयं, आरोग्यविमा कंपन्या आणि त्यांच्यासाठी माहिती हाताळणारे बांधले जातात. दुकानदाराने गिऱ्हाइकाला काही विचारू नये, असं त्यात कुठेही नाही. मग इतर ठिकाणी काय चाललंय ते पाहिलं आणि गोंधळ आणखी वाढला. ऑगस्ट 2021 मध्ये फ्रान्सने रेस्टॉरंटच्या दारात, लस किंवा निगेटिव्ह चाचणी वगैरे दाखवणारा पास बघणं सक्तीचं केलं. त्याच महिन्यात न्यूयॉर्क शहराने जिमलाही लसीचा पुरावा तपासायला लावलं. फ्लोरिडात मात्र गिऱ्हाइकाकडे असा पुरावा मागितला, तर दर वेळेला 5000 डॉलरपर्यंत दंडाची तरतूद होती. एकाच देशात, इथे विचारलं नाही तर चूक आणि तिथे विचारलं तर चूक. मी वकिलांना गाठलं. ते म्हणाले, तुमच्यावर सक्तीही नाही, बंदीही नाही; पण विचारायचं तर सगळ्यांना सारखं विचारा.

तेवढ्यावर मी दारात टेबल मांडलं. प्रमाणपत्र दाखवा, झेरॉक्स द्या, आत जा. झेरॉक्स फाइलला लागत होत्या आणि काम चोख चाललंय असं मला वाटत होतं.

चौथ्या दिवशी एक बाई टेबलाशी थांबल्या. त्यांचा एकच डोस झाला होता. मी सवयीने विचारलं, "दुसरा का नाही?" त्यांच्यामागे सात-आठ जण उभे होते. पहिल्या डोसनंतर काही मिनिटांतच त्यांचा घसा सुजला होता, श्वास घेता येईना, इंजेक्शन देऊन सावरावं लागलं. डॉक्टरांनी ती लस पुन्हा घेऊ नका म्हणून सांगितलं होतं. हे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला, तशी मागची माणसं ऐकायला पुढे झुकली. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसत होत्या. मला लसीबद्दल विचारायचं होतं आणि मी त्या बाईंना त्यांचं दुखणं चारचौघांत मांडायला लावलं. याची लाज मला आजही वाटते.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट कळली. झेरॉक्स आणायला विसरलेल्यांचे कागद आमचा मदतनीस मुलगा स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून ठेवत होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण भाचीच्या वाढदिवसाच्या फोटोंना लागूनच एकेचाळीस माणसांची नावं, वयं, लसीच्या तारखा आणि बॅच नंबर पडलेले होते. ही माणसं माझ्यावर विश्वास ठेवून आली होती.

वर्ग दोन दिवस बंद ठेवला. युरोपीय संघाच्या कोविड प्रमाणपत्राचा नियम तेव्हा माझ्या वाचनात आला: तपासणाऱ्याने माहिती बघायची, पण जवळ ठेवायची नाही. फ्रान्समध्ये तपासणीच्या अॅपवर तर नाव, जन्मतारीख आणि पास चालतो की नाही, इतकंच दिसायचं. कुठली लस, कधी घेतली, ते दारातल्या माणसाला कळायचंच नाही. मला हवं होतं ते हेच. त्या संध्याकाळी फाइलमधला प्रत्येक कागद हाताने फाडला. मोबाइलमधले फोटो पुसले, मग ट्रॅशमधूनही पुसले. वहीत नावापुढे नुसती खूण करायची ठरली. विचारायचं ते फोनवर, एकेकाला. लस नसेल तर कारण विचारायचं नाही. ताजी चाचणी दाखवा किंवा उघड्यावर भरणाऱ्या सकाळच्या वर्गाला या.

तरी तिघं सोडून गेले. त्यातले एक जण म्हणाले, "आज लस विचारताय, उद्या मधुमेह विचाराल." हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. फक्त मधुमेह शेजाऱ्याला होत नाही, हवेतून पसरणारा आजार होतो. विचारण्याचा माझा हक्क तेवढ्या एका कारणावर उभा होता.

आणि ते कारणच पुढे कमकुवत झालं. 2021 च्या अखेरीस कोविडच्या विषाणूचा ओमिक्रॉन हा नवा प्रकार आला. वर्गातल्या खूण केलेल्या नावांपैकी कितीतरी जण आठवड्याभरात पॉझिटिव्ह निघाले. लसीने त्यांना मोठ्या आजारपणातून वाचवलं, यात मला शंका नाही. पण संसर्गापासूनचं संरक्षण काही महिन्यांत ओसरत होतं आणि शेजाऱ्याला जपण्याची हमी ती खूण देत नव्हती. न्यूयॉर्कने आपला नियम 7 मार्च 2022 ला उठवला. मीही त्याच महिन्यात विचारणं थांबवलं. पुढे 2 मे रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कुणावर लसीची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं. संसर्ग कमी असेपर्यंत लस न घेतलेल्यांना सार्वजनिक ठिकाणी अडवू नये, असंही सुचवलं. तेव्हा मला हायसं वाटलं.

थांबवण्याआधी केमोथेरपी झालेल्या सभासदांच्या पत्नीला फोन केला. शब्द त्यांना दिला होता. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग आता काय बघणार तुम्ही?" मी सांगितलं, खिडक्या. दोन्ही बाजूंच्या उघड्या ठेवेन, वर्गात दहा माणसं कमी घेईन आणि त्यांची जागा खिडकीलगत राखून ठेवेन.

एकाच डोसवाल्या बाईंना मी भेटून माफी मागितली. "तुम्ही विचारलंत त्याचं काही नाही हो," त्या म्हणाल्या, "तिथे विचारलंत त्याचं वाईट वाटलं." त्या अजून सकाळच्या, उघड्यावरच्या वर्गालाच येतात.