आजींचा आयएनआर १.३

लष्करातल्या आमच्या लॅबमध्ये पीटी-आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीची, नळी आली की मी आधी तिची रेघ बघतो. आकडा जितका मोठा, तितकं रक्त उशिरा गोठतं. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारं सायट्रेट एक भाग, रक्त नऊ भाग. रक्त रेघेखाली राहिलं तर आकडा उगाच फुगतो. कलेक्शनच्या पोरांना हे सांगून सांगून घसा बसला माझा.

आजींची नळी मात्र रेघेला बरोब्बर भिडलेली. हृदयात धातूची झडप, आयएनआर एरवी तीनच्या आसपास. त्या दिवशी आला १.३. थ्रोम्बोप्लास्टिनची (तपासणीत रक्त गोठवणाऱ्या द्रावणाची) नवी बाटली फोडली, वॉटरबाथ ३७ अंशांवर आहे ना ते पाहिलं, नमुना पुन्हा घेतला. तेच! एवढ्या कमी आकड्यावर झडपेवर गुठळी धरू शकते, म्हणून रिपोर्ट छापायच्या आधीच डॉक्टरांना फोन लावला.

"आजी, रक्त पातळ करायच्या गोळ्या चुकल्या का?"

"चुकतील कशाला? नातवाने अर्ध्या केल्यात. त्याऐवजी रोज सेंजी खाते."

सेंजी म्हणजे रानमेथी. थंडीत गव्हात तण म्हणून माजते. फुलावर यायच्या आत खुडली तर कोवळी लागते. आजी ती बथुआबरोबर, म्हणजे चाकवताबरोबर, शिजवून वर डाळीचं पीठ पेरायच्या. रक्त पातळ करायचं औषध हिच्याच भाऊबंदांतून निघालं, असं नातवाने मोबाइलवर वाचलेलं.

ते खोटं नाही, हीच तर पंचाईत. १९२०च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत बुरसलेला 'स्वीट क्लोव्हर' (सेंजीचाच भाऊबंद असलेला चारा) खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. १९३३मध्ये एक शेतकरी न गोठणारं रक्त दुधाच्या कॅनमध्ये भरून विस्कॉन्सिनला कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. त्यातून पुढे रक्त गोठू न देणारं डायकुमारॉल हाती लागलं, मग त्याच जातीचं औषध वॉरफेरिन, जे १९४८मध्ये आधी उंदीर मारायला बाजारात आलं. पण ती करामत बुरशीची. बुरशी पाल्यातल्या कुमारिन नावाच्या द्रव्याचं डायकुमारॉल करते; ताज्या पाल्यातल्या नुसत्या कुमारिनने रक्त पातळ होत नाही. उलट पाल्यातलं के जीवनसत्त्व गोळीचा असर उतरवतं. गोळी अर्धी आणि तिची वैरीण ताटभर!

डॉक्टर चिडले आणि चिठ्ठीवर 'हिरव्या भाज्या बंद' लिहून मोकळे झाले. मला हे पटत नाही. भाजी रोज सारख्याच मापाने पोटात गेली तर डोस तिच्याशी जुळवता येतो. घोळ होतो तो आज टोपलीभर आणि उद्या नुसतं वरण, अशाने. आजींना म्हटलं, वाटीभर चालेल का ते डॉक्टरांना विचारा.

"तूच लिहून दे की."

तो अधिकार मला नाही. नातू शेजारीच उभा होता, मोबाइलवर लसणाचं काहीतरी वाचत.