8 इंची डॉब्सोनियन: नळीचा तोल, आडवा आणि उभा

डॉब्सोनियन म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण. आरसा बसला, कोलिमेशन (आरसे एका रेषेत आणणं) झालं, आता तोल. नळी 8 इंची एफ/6 ची (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या सहापट), सगळं जोडून 9 किलो. अक्ष (ज्याभोवती नळी वर-खाली फिरते) शेपटाकडून 42 सेमीवर, फोकसर (आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, बसतं ती जागा) अक्षापासून 65 सेमी पुढे. बेअरिंग 15 सेमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपची, टेफ्लॉनच्या गुट्ट्यांवर टेकलेली. 100 ग्रॅमच्या साध्या प्लॉसल आयपीसवर नळी ठेवाल तिथे थांबते. 500 ग्रॅमची 2 इंची आयपीस लावली की क्षितिजाजवळ तोंड खाली जातं, पण 70 अंशांवर तीच नळी निवांत उभी राहते.

याचं उत्तर टॉर्कमध्ये, म्हणजे नळी फिरवणाऱ्या जोरात आहे. जादा 400 ग्रॅम गुणिले 65 सेमी म्हणजे 26 किलो-सेंमी (न्यूटन-मीटर हवे असतील तर 0.098 ने गुणा, साधारण 2.5). हा आकडा नळी आडवी असतानाचा. नळी उचलली की वजनाचं अक्षापासूनचं आडवं अंतर कोसाइनने घटतं. 60 अंशांवर 13 उरतात, 70 अंशांवर जेमतेम 9. टेफ्लॉनचं घर्षण साधारण 10 किलो-सेंमी पेलतं, त्यामुळे 67 अंशांच्या खाली नळी घसरते आणि वर थांबते. बेअरिंग ढिली आहे असं समजून स्क्रू आवळत बसू नका.

घर्षण आणि असमतोल वेगळे मोजता येतात. शाळेच्या प्रयोगशाळेतला 500 ग्रॅमचा स्प्रिंगकाटा फोकसरला अडकवा, नळी आडवी ठेवा आणि ती हळूहळू सरकू लागेपर्यंत आधी वर, मग खाली ओढा. समजा वर ओढताना 250 ग्रॅम लागले आणि खाली 50. बेरजेचं निम्मं, 150, हे घर्षण. वजाबाकीचं निम्मं, 100, हा असमतोल, तोंडाकडे जड. दोन्ही आकडे 65 ने गुणले की टॉर्क मिळतो. खाली ओढताना काटा उलटा धरावा लागतो, तेव्हा त्याचं शून्य त्याच स्थितीत आधी जुळवून घ्या. काट्याच्या हुकाचं वजन वाचनात मिसळतं.

आडवा तोल जमला तरी काम अर्धंच झालं, आणि बहुतेक दुर्बिणी इथेच सोडून दिल्या जातात. नळी जवळजवळ उभी करा. आता ती मागे पडू पाहत असेल तर गुरुत्वमध्य अक्षाच्या वर, फाइंडरच्या (नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीच्या) बाजूला आहे. परत क्षितिजाकडे यायला बघत असेल तर तो खाली आहे. आडव्या चाचणीत हा दोष दिसतच नाही, कारण तेव्हा गुरुत्वमध्य अक्षाच्या थेट वर किंवा थेट खाली असतो. इथला हिशेब असा: 300 ग्रॅमचा फाइंडर अक्षाच्या 18 सेमी वर, म्हणजे 5.4. फोकसर आणि आयपीस मिळून 900 ग्रॅम, 15 सेमी बाहेर पण 45 अंशांत कललेले, म्हणून वरच्या दिशेने 10.6 सेमी, हे 9.5. एकूण 15 किलो-सेंमी. 9 किलोने भागा: बेअरिंगचं केंद्र फाइंडरच्या बाजूला 1.7 सेमी सरकवायचं. नळीच्या पोटाला शिसं चिकटवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, वजन वाढत नाही आणि आडवा तोलही हलत नाही.

मोठ्या बेअरिंगचा मोह होतो. व्यास 30 सेमी केला तर घर्षणाचा टॉर्क दुप्पट, 20. पण मग 26 तरीही पेलत नाहीत, आणि 200 पट वर्धनावर शनीच्या मागोमाग नळी ढकलताना ती झटक्याने पुढे जाते. बेअरिंगवर गुळगुळीत सनमायका असेल तर हा झटका जास्त. खडबडीत पोताचा वापरा.

जड आयपीससाठी नळीच्या खाली ॲल्युमिनियम चॅनलवर सरकणारं 1 किलोचं वजन बसवतोय. ते 26 सेमी मागे सरकवलं की 26 किलो-सेंमी भरून निघतात. प्रत्येक आयपीसची खूण चॅनलवर मार्करने केली आहे. आयपीस काढताना नळीला एक हात ठेवा आणि आधी वजन पुढे आणा. वजन मागेच राहिलं तर तोंड झपकन वर उडतं.